कोटाखालचा हिरवा झगा

मित्रांनो, माझ्या उजव्या खांद्यावर नीट पाहिलंत तर एक आडवी शिवण दिसेल. तिचा दोरा माझ्या रंगापेक्षा जरा गडद आहे. रफू करणारीला तो जुळवता आला असता, पण "राहू दे दिसत," असं तिला सांगण्यात आलं होतं. त्या शिवणीची गोष्ट सांगायची, तर आधी माझी ओळख करून द्यायला हवी. मी एक जुना हिरवा झगा आहे. साधं सुती कापड, पोटरीपर्यंत उंची, दोन्ही बाजूंना खोल खिसे. नवा होतो तेव्हा रंग असा होता की रस्त्यापलीकडून ओळखू यावा. हा रंगच पुढे अडचणीचा ठरला आणि शेवटी उपयोगी पडला तोही रंगच.

मला शिवलं एका शिंपीणकाकूंनी. माझी मालकीण माप द्यायला आली तेव्हा म्हणाली, "काकू, रोज घालायचाय. वर्षभर टिकला पाहिजे."

"रोज? मग दोन शिवते की."

"नाही, एकच."

काकूंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "नवसबिवस बोललीस का काय?"

"नवसच समजा."

 काकूंनी माझ्या प्रत्येक शिवणीवरून मशीन दोनदा फिरवलं, आणि खिशांच्या कोपऱ्यांना आतून जाड पट्टी लावली. त्या पट्टीचं मोल मला फार उशिरा कळलं.

माझी मालकीण दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. येणारे-जाणारे सगळे तिला ताई म्हणत. तिच्या नेमाची सुरुवात वाचनालयातल्या एका भाषणातून झाली. तिथे एक बाई बोलायला आल्या होत्या. कुणाला कामाचं, कुणाला शाळेचं, कुणाला लग्नाचं आमिष दाखवून मुला-माणसांना घरापासून दूर नेतात, विकतात, कोंडून राबवतात, याला मानवी तस्करी म्हणतात, असं त्या सांगत होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "त्यातल्या एका मुलीकडे सुटेपर्यंत अंगावरचा एकच कपडा होता." बाकीचं भाषण ताई कदाचित विसरलीही असेल, पण हे वाक्य तिच्या मनातून हललं नाही. तिने संकल्प केला, की वर्षभर आपणही एकच कपडा घालायचा, आणि "रोज हाच का?" असं जो विचारेल त्याला थांबून, शांतपणे कारण सांगायचं. घाईचं निमित्त काढायचं नाही आणि माणूस पाहून टाळायचंही नाही.

सकाळी ताई डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची आणि मग मला अंगात घालायची. संध्याकाळी मला स्वतःच्या हाताने धुवायची आणि पंख्याखाली वाळत टाकायची. हवा दमट असली की माझ्या शिवणी सकाळीही ओल्याच असायच्या. ती तशीच मला घालून निघायची. नेमाला गैरसोय थोडीशी हवीच, असं तिला वाटे.

घरात माझ्यावरून थट्टा कमी झाली नाही. ताईचा नवरा म्हणायचा, "आपले सगळे फोटो एकाच दिवशी काढल्यासारखे दिसतात." सासूबाईंचं दुःख वेगळं होतं. "अगं, लोक मला नावं ठेवतात ना. म्हणतात, हिने सुनेला एकच कपडा दिलाय. मी भाजी घेता घेता सांगत सुटते, बाई, कपाट भरलंय तिचं, तुम्ही येऊन बघा." मग भाजीवाली विचारायची, कपाट भरलंय तर घालत का नाही? आणि सासूबाईंना सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं. अशाने बाजारातल्या निम्म्या लोकांना ताईचा नेम सासूबाईंनीच कळवला होता, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

हळूहळू माझं नाव झालं. लोक दवाखान्यात शिरले की आधी मला शोधायचे. "हिरव्या झग्यावाली बाई आहे ना?" असा फोन यायचा. कुणी मान हलवून ऐकायचं, कुणी ऐकता ऐकता घड्याळ बघायचं, कुणी "असं आपल्याकडे थोडंच होतं" म्हणून हसायचं. मला मात्र गर्व चढला होता. लोक मलाच बघतात, ताईच्या चेहऱ्याकडे कुणी धड बघतही नाही, याची मला मजा वाटायची.

आणि मग एक दिवस अत्तरवाली बाई आली.

मी तिला अत्तरवाली म्हणतो, कारण कापडाला वास आधी कळतो. ती जवळून गेली तरी माझ्या बाहीला तिचा वास चिकटायचा. यापूर्वी ती एकदा स्वतःच्या दाताला कॅप बसवायची म्हणून माप देऊन गेली होती. या वेळी तिच्याबरोबर एक मुलगी होती. चौदा-पंधरा वर्षांची असेल. तिचा गाल सुजला होता. बाईची पिशवी मुलीच्या खांद्यावर होती, आणि मुलीचं मनगट बाईच्या हातात.

"माझ्या बहिणीची मुलगी," बाई म्हणाली.

ताईने मुलीकडे बघून विचारलं, "वय काय गं तुझं?"

"अठरा," बाई म्हणाली.

"कुठे दुखतंय?"

"उजवीकडे," बाई म्हणाली. मुलीचा हात मात्र डाव्या गालाकडे गेला आणि अर्ध्यातूनच खाली आला.

मित्रांनो, ताईच्याही आधी मला कळलं होतं. माणसं एकमेकांचे चेहरे वाचतात, आम्ही कपडे वाचतो. त्या मुलीच्या अंगावर एक फिकट पिवळा फ्रॉक होता. तो तिला केव्हाच आखूड झाला होता. खालची दुमड उसवून उंची वाढवली होती आणि जुन्या दुमडीची रेघ तशीच राहिली होती. काखेत तो उसवला होता, आणि हाताला लागेल त्या दोऱ्याने परत टाचला होता. समोर फरशी पुसायच्या औषधाचे पांढरे डाग होते. कमरेवर इस्त्रीने भाजल्याची खूण होती. आणि त्याच्या शिवणी ओल्या होत्या. तोही माझ्यासारखाच धुवून लगेच अंगावर चढलेला होता. मला रोज घालायचं हे ताईने स्वतः ठरवलं होतं. त्या फ्रॉकच्या बाबतीत त्या मुलीला कुणी काही विचारलं नव्हतं. मी ओरडून सांगितलं असतं, पण झग्याला तोंड नसतं.

एवढ्यात बाईनेच विचारलं, "मागे आले तेव्हाही तुम्ही हाच घातला होता. रोज हाच का?"

आणि ताईने नेमाप्रमाणे सांगितलं. माणूस पाहून टाळायचं नाही, असंच तर ठरलं होतं. फसवून नेलेल्या मुली, बाहेरून कडी लावलेली दारं, अंगावरचा एकच कपडा, सगळं तिने नेहमीच्या शांत आवाजात त्याच बाईला सांगितलं. ऐकता ऐकता मुलीने पहिल्यांदाच मान वर केली. ती ताईकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, वरपासून खालपर्यंत, पाठ करावं तशी.

बाईने तिची नजर कुठे आहे ते पाहिलं. मग हसून म्हणाली, "फार चांगलं काम करता हो." आणि उठलीच. आतून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दाताचा एक्स-रे काढल्याशिवाय काही करता येणार नाही. "पुढच्या वेळी बघू. आत्ता गोळ्या द्या," बाई म्हणाली. गोळ्या घेऊन ती मुलीला ओढतच निघाली. काचेचं दार त्यांच्या मागे हलत राहिलं.

दार थांबेपर्यंत ताई उभीच होती. मग तिने स्वतःचा हात डाव्या गालाला लावला. "डावीकडे दुखत होतं तिला," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "आणि मी काय केलं? ज्याच्यापासून लपवायचं त्यालाच सगळं सांगून बसले."

पुढचे दिवस फार वाईट गेले. ताईने अशा मुलांसाठीच्या मदतवाहिनीला फोन केला. बाईने दवाखान्यात दिलेला पत्ता शोधला तर तिथे सायकल दुरुस्तीचं दुकान निघालं. हाती राहिला फक्त तिचा फोन नंबर. मदतवाहिनीच्या बाई म्हणाल्या, "त्यावर उगाच फोन करू नका. ती बिथरली तर मुलीला रातोरात हलवेल. ती आपणहून यायला हवी. आणि आली, तर मुलीला एकटीला गाठा. तिने स्वतः सांगितलं की पुढचं आमच्याकडे."

ताईचं जेवणात लक्ष राहिलं नाही. मला धुताना ती चोळायची आणि मध्येच थांबायची. मी तिच्या अंगावर असायचो आणि तिच्या छातीची धडधड मला आतून ऐकू यायची. माझा सगळा गर्व उतरला होता.

मग बाईची कॅप तयार होऊन आली. डॉक्टरीणबाईंनी फोन लावला. ताई शेजारीच उभी होती. "हो, कॅप आलीय. त्या मुलीलाही आणा, गोळ्यांनी सूज दबते, दात बरा होत नाही. पुन्हा ठणकला की तिला कामाचं काही सुचायचं नाही."  पलीकडून आवाज आला, "ती हिरव्या झग्यावाली असते का अजून?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ती आता काउंटरला नसते." मग दुसऱ्या दिवशीची वेळ ठरवून त्यांनी फोन ठेवला आणि ताईला म्हणाल्या, "खोटं नाही बोलले हं मी. तू उद्या एक्स-रेच्या खोलीत असणार आहेस. पण झगा घरी ठेवून ये. तो दिसला की ती दारातूनच परत फिरेल."

घरी ताई मला मांडीवर घेऊन बसली. सासूबाई म्हणाल्या, "एक दिवस नाही घातला तर देव काही रागावत नाही."

"नेमाचं नाही हो, आई. त्या मुलीने माझा चेहरा पाहिलाच नाही. तिला हा झगा माहीत आहे. हा नसला तर तिच्या लेखी मी कुणीतरी परकी बाई. परक्या बाईवर तिने का विश्वास ठेवावा? एका परक्या बाईनेच तर तिला फसवलंय."

सासूबाईंनी थोडा विचार केला. "मग वरून तो दवाखान्याचा पांढरा कोट घाल. गळ्यापर्यंत बटणं लाव. तोंडाला तुमचं ते फडकं असतंच. झाकलं म्हणजे काढलं असं थोडंच आहे?"

कोट माझ्यापेक्षा आखूड निघाला. सासूबाईंनी माझा घेर आत दुमडून मोठमोठे टाके घातले आणि जाहीर केलं, की उद्या काउंटरला त्या स्वतः बसणार.

दुसऱ्या दिवशी मी अंधारात होतो. कोटाच्या आत, गळ्यापर्यंत बंद. समोरच्या स्टेशनरीच्या दुकानात मदतवाहिनीच्या बाई आणि दोन महिला पोलीस साध्या कपड्यात पेनं बघत बसल्या होत्या. ठरलं होतं ते असं, की मुलगी बोलली तर ताईने कोट काढून काचेच्या दारात उभं राहायचं. हिरवं दिसलं की त्या रस्ता ओलांडतील.

काउंटरजवळ अत्तराचा वास आला तसा माझा धागा न् धागा ताठला.

सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या, "बसा हं, आत्ता घेतात." ताई बाहेर येऊन मुलीला न्यायला वळली, आणि तेवढ्यात मला खाली काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. सासूबाईंचा टाका निसटला होता. माझा काठ इंच इंच खाली उतरत होता. बाई बाकावर बसून जमिनीकडेच बघत होती. आणखी एक टाका सुटला असता तर सगळं संपलं असतं.

सासूबाईंनी ते पाहिलं. मुळीच गडबड न करता त्यांनी एक्स-रे काढताना अंगावर ठेवायचा शिशाचा जड ॲप्रन खुंटीवरून उचलून ताईच्या हातात दिला. "अगं, हा विसरलीस. समोर धर नीट, सांडेल." ॲप्रन काही सांडत नसतो, मित्रांनो. पण ताईने तो पायांसमोर घट्ट धरला आणि मी वाचलो.

"मी थांबते तिच्याजवळ," बाई उठत म्हणाली. "फार घाबरट आहे ती."

"एक्स-रेला आत कुणालाच थांबता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आई असली तरी बाहेर. तोवर तुमची कॅप बसवू. या, खुर्चीत या."

बाईने एक्स-रेच्या खोलीचं बंद होणारं दार पाहिलं, मग खुर्ची पाहिली. खुर्ची दाराच्या अगदी समोर होती. ती बसली. डॉक्टरीणबाईंनी कॅपला सिमेंट लावलं, ती दातावर बसवली आणि वर कापसाची जाड गुंडाळी ठेवली. "आता घट्ट चावून धरा. बोलायचं नाही, मान हलवायची नाही. तोंड उघडलंत तर कॅप वाकडी बसेल ती कायमची."

मुलीच्या वतीने प्रत्येक उत्तर देणारं ते तोंड त्या क्षणी बंद झालं.

आत ताईने मुलीच्या अंगावर ॲप्रन ठेवला. मुलगी भिंतीकडे बघत होती. ताईने कोटाचं वरचं बटण काढलं, मग खालचं. उजेड माझ्यावर पडला.

मुलीने वळून पाहिलं.  मग तिचा हात ॲप्रनखालून बाहेर आला आणि तिने माझा खिसा मुठीत धरला. इतका घट्ट, की शिंपीणकाकूंची ती पट्टी नसती तर खिसा तिच्या हातातच आला असता.

ताईने फक्त विचारलं, "कुठे दुखतंय?"

"डावीकडे," मुलगी म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मग ती थांबली नाही. "ती माझी मावशी नाही. शाळेत घालते म्हणाली होती. दार बाहेरून लावते. आईचा नंबर मला पाठ आहे. मी रोज सकाळी मनात म्हणते, विसरू नये म्हणून." आणि तिने तो म्हणून दाखवला, डोळे मिटून, प्रार्थना म्हणावी तसा.

ताईच्या डोळ्यांतून टपकन एक थेंब माझ्या गळ्यावर पडला. "तू इथेच बस," ती म्हणाली. तिने कोट काढून मुलीच्या हातात दिला, बाहेर पडून खोलीचं दार ओढून घेतलं, आणि ती काचेच्या दाराकडे चालू लागली.

खुर्चीतल्या बाईने मला पाहिलं. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "अजून थोडं दाबून धरा." पण बाईने कापूस थुंकला आणि उठली. ती दवाखान्याच्या दाराकडे न जाता एक्स-रेच्या खोलीकडे धावली. ताई परत फिरली आणि तिच्या वाटेत उभी राहिली. "बाजूला हो," बाई म्हणाली. ताई हलली नाही. बाईने माझा खांदा धरून खेचला. काकूंनी दोनदा घातलेली शिवण टिकली, तिच्या शेजारचं कापड फाटलं. त्या फाटण्याचा आवाज मला अजून आठवतो. आणि त्याच्या मागोमाग, हिरवं पाहून रस्ता ओलांडून आलेल्या त्या तिघींनी काचेचं दार उघडल्याचा आवाजही आठवतो.

मुलीने सांगितलेला नंबर ताईने लावला तेव्हा पलीकडून एका बाईने नुसतं "कोण?" असं विचारलं. ताईने फोन मुलीच्या हातात दिला आणि ती तोंड फिरवून उभी राहिली.

मित्रांनो, त्यानंतर चौकशी झाली. त्या घरातून आणखी एक मुलगी सुटली. माझं कौतुक झालं, ताईचं त्याहून जास्त, आणि या वेळी लोकांनी तिचा चेहराही पाहिला. ताईने माझा फाटलेला खांदा दिसेल अशा दोऱ्याने रफू करून घेतला आणि नेम पुरा केला, फक्त त्यात एक भर घातली. सांगण्याआधी ती समोर कोण बसलंय ते बघू लागली. वर्ष संपलं तसा मी घडी होऊन कपाटाच्या तळाशी गेलो. वर नवे कपडे आले. कोपरांवर मी विरलेलो होतोच, रंगही उडाला होता. कधीतरी फरशी पुसायला माझा विचार झालाच असता, पण सासूबाईंनी मला कुणाला हात लावू दिला नाही.

मग एकदा ताईने मला बाहेर काढलं, झटकलं आणि घातलं. ती मुलगी आईला घेऊन भेटायला येणार होती. मी दवाखान्याच्या दाराकडे डोळे लावून बसलो. येणाऱ्या प्रत्येक माणसात मी पिवळा फ्रॉक शोधत होतो. एक म्हातारे गृहस्थ आले. नंतर लाल ठिपक्यांच्या कपड्यातली एक उंच मुलगी हसत आत आली, तिच्या मागे एक बाई. मी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. ती मुलगी सरळ माझ्याजवळ आली आणि तिने माझा खिसा मुठीत धरला.

तेव्हा मला कळलं. कपड्यांवरून माणसं ओळखणारा मी, पण मी तिला ओळखलं नव्हतं, आणि आयुष्यात कधी चुकल्याचा एवढा आनंद मला झाला नाही.

"ताई, अजून हाच?" ती म्हणाली.

तिची आई मागून म्हणाली, "हिचं बघा ना. सकाळपासून तीनदा कपडे बदललेत. कुठला घालू, कुठला घालू, ठरेचना. उशीर झाला तो त्यानेच."

मित्रांनो, मी आता फार टिकणार नाही. पण तुमच्या आसपास कुणी असं दिसलं, ज्याच्याऐवजी दुसराच कुणी बोलतो, ज्याचं मनगट कायम दुसऱ्याच्या हातात असतं, तर नजर वळवून पुढे जाऊ नका. एकटे भिडूही नका. ज्यांच्यावर तुमचा विश्वास आहे अशा मोठ्या माणसांना लगेच सांगा. आणि मोठे झालात की माझ्या ताईचं एवढं लक्षात ठेवा, की कुठे दुखतंय हे ज्याचं दुखतंय त्यालाच विचारावं, आणि त्याला उत्तर देता येईल अशी जागा आधी करून द्यावी.